न सांगता उठायचं

जयश्रीची आई गेल्याचं केतकी आवटीला सकाळी साडेनऊला कळलं आणि नऊ पस्तीसला तिने सांत्वनाची भेट गळ्यावरच्या बोलक्या पट्टीवर सोपवून टाकली. मधली पाच मिनिटं ती प्रयोगशाळेच्या मागच्या बेसिनपाशी नळ सोडून उभी होती. फोन हातात घेतला, जयश्रीचं नाव काढलं, फोन खिशात गेला. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी पडद्यावर नेहमीचा नम्र प्रश्न उमटला, 'मी बोलू का?' केतकीने 'हो' दाबलं, हात पुसले आणि ती हळदीच्या नमुन्यांची वजनं करायला निघून गेली.

एक्केचाळीस मिनिटं तिने वजनं केली. तेवढा वेळ तिकडे मिरजेत, जयश्रीच्या स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये दुसरीच एक केतकी जयश्रीचं सांत्वन करत होती. आवाज हिचा, चेहरा हिचा, आणि हिचा त्यात काडीचाही संबंध नाही.

हे ऐकून कुणीही म्हणेल, काय दगडाच्या काळजाची बाई आहे. तशी ती नव्हती. असती तर पुढचे बारा दिवस तिचे इतके वाईट गेले नसते.

केतकीला माणसांची भीती वाटायची. लाजरी आहे, मोठी झाली की सुधारेल, असं म्हणून सोडून देण्यातली ती गोष्ट नव्हती. शाळेत हजेरी चालू झाली की तिचे तळहात ओले व्हायचे. बाई "आवटी" म्हणायच्या आणि 'हजर' हा एवढासा शब्द तिच्या घशात अडकून बसायचा. मग शेजारची जयश्री ओरडायची, "आहे की, बाई! ही काय!" वाण्याच्या दुकानात, दवाखान्यात, बसच्या कंडक्टरपुढे, सगळीकडे केतकीने वाक्य सुरू करायचं आणि जयश्रीने पुरं करायचं, असा दोघींचा रिवाज होऊन गेला होता. लोक थट्टा करायचे, की एकीचं पोट दुखलं तरी औषध दुसरी मागते.

जयश्रीच्या घरी मात्र तेवढ्याचीही गरज नसायची. जयश्रीच्या आईने, म्हणजे काकूंनी, तिला कधी "बोल की गं" म्हटलं नाही. हिवाळ्यात गेलं की त्या पावट्याच्या शेंगांचा ढीग पुढ्यात ओतायच्या, एक ताट केतकीला द्यायच्या आणि दोघी तासभर सोलत बसायच्या. गप्प बसणं हा जिथे गुन्हा नव्हता असं केतकीच्या माहितीत तेवढं एकच घर होतं.

चौथीत असताना जयश्रीचे वडील गेले. घर माणसांनी भरलं होतं. केतकी आपल्या आईबरोबर गेली आणि जयश्रीच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. दुपारी बारा ते संध्याकाळी पाच. मोठी माणसं येत होती, 'देवाची मर्जी' म्हणत होती, 'धीर धरा' म्हणत होती, आणि ही पोरगी नुसती बसून होती. पाच वाजता ती उठली, चपला घातल्या आणि चालू लागली. आपल्याकडे दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. न सांगता उठायचं. तसल्या कारणाने पुन्हा त्या दारात यायला लागू नये म्हणून ही रीत. केतकीला ती रीत कुणी शिकवली नव्हती. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून ती बोलली नाही, एवढंच. पण काकू तेवढ्या दुःखातही म्हणाल्या होत्या, "या पोरीला सगळं कळतं बघ." आयुष्यात आपण नीट वागलो असं केतकीला छातीठोकपणे सांगता आलं असतं, तर त्या एका दिवसाबद्दल.

आता पट्टीबद्दल सांगायला हवं.

आपण बोलतो तेव्हा आवाज सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी मेंदूत शब्द जुळतात, आणि मेंदूकडून स्वरयंत्राच्या आणि जिभेच्या बारीक स्नायूंना विजेचे सूक्ष्म इशारे जातात. मनातल्या मनात वाचतानाही ते चालू असतात. केतकीसारख्या माणसांची गोची अशी होते, की चार माणसं समोर दिसली की मेंदूतला भीतीचा कोपरा बिबट्या दिसावा तसा धोक्याची घंटा वाजवतो. श्वास रोखला जातो, गळा आवळतो. शब्द तयार असतात, इशारेही निघालेले असतात, फक्त दार बंद असतं. पट्टी हे इशारे दाराच्या अलीकडेच टिपायची. दिसायला साधी, जखमेवर लावतात तशी, कातडीच्या रंगाची. गळ्यावर चिकटवायची. ऐनवेळी ती कॉलरच्या बटणातून किंवा थेट फोनमधून तुमच्याच आवाजात तुमचं वाक्य बोलून दाखवायची.

इथपर्यंत सगळं चांगलंच होतं. पण अर्धवट इशाऱ्यांवरून वाक्य पुरं करायचं, तर अंदाज बांधावा लागतो. पट्टी माणसाच्या सवयी शिकत जायची, आणि जसजशी शिकायची तसतसे तिला इशारे कमी लागायचे. शेवटी शेवटी ती माणसावाचूनही बोलू शकायची, आणि दूरभेटीच्या पडद्यावर त्या बोलण्याला शोभेल असा चेहराही हलवायची. म्हणून तर प्रत्येक संभाषणानंतर एक आकडा दाखवण्याची सक्ती होती. त्याला नाव होतं 'स्वतःचा वाटा'.

केतकीला पट्टी मिळाली ती सांगलीच्या हळद तपासणी प्रयोगशाळेकडून. केतकीने ही नोकरी धरली होती तीच मुळी गप्प बसायला मिळेल म्हणून. पण पुढच्या दहा वर्षांत गप्प बसून करायची सगळी कामं यंत्रांनी उचलली. हळदीतला रंग मोजणं, भेसळ शोधणं, अहवाल लिहिणं, सगळं. वजनं तेवढी हाताने करायची राहिली, आणि माणसांसाठी उरलं ते बोलणं. अहवाल चुकीचा आहे म्हणून भांडायला व्यापाऱ्यांना समोर माणूसच लागायचा. साहेबांनी केतकीला खिडकीवर बसवलं. तिसऱ्या दिवशी तिला भोवळ आली, तेव्हा डॉक्टर मुजावरांकडे पाठवलं.

"ही कुबडी आहे, ताई," पट्टी लावताना डॉक्टर म्हणाले होते. "पाय वापरत राहा. वाटा अर्ध्याच्या खाली गेला तर मला फोन करा."

पहिल्या महिन्यात वाटा ऐंशी टक्के होता. केतकी खिडकीवर चक्क हसत होती. सहा महिन्यांनी तो चाळीसवर आला, तेव्हा डॉक्टरांना फोन करायची वेळ झाली. आता फोन करायचा म्हणजे बोलणं आलं. तो फोन पट्टीनेच केला आणि डॉक्टरांना कळवलं, "मी अगदी छान आहे." केतकीने ते ऐकलं. पुढे ती आकडा बघेनाशी झाली.

त्या सकाळी मात्र तो दिसलाच. वजनं आटोपून तिने फोन काढला, तर पडद्यावर लिहिलेलं होतं, 'संभाषण समाधानकारक. वेळ एक्केचाळीस मिनिटं. स्वतःचा वाटा शून्य.' खाली 'पूर्ण संभाषण ऐका' असं बटण होतं. तिने ते दाबलं नाही. आपल्या मैत्रिणीला आपण काय धीर दिला हे चोरून ऐकायचं, या विचारानेच तिला कानकोंडं झालं. रविवारी स्वतः जाऊ, असं तिने ठरवलं. रविवार आला. ती साडी नेसली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन तिने साडी सोडून घडी करून ठेवली.

जयश्रीचा फोन आला नाही. निरोपही नाही. ती कामात असेल, दिवसकार्यात असेल, असं केतकी स्वतःला सांगत राहिली.

बाराव्या दिवशी भाजी मंडईत तिला मंदामावशी भेटल्या. काकूंची ही धाकटी बहीण, बडबडी आणि मनाने मोकळी.

"अगं केतकी!" त्यांनी हातच धरला. "त्या दिवशी किती छान बोललीस गं! मी चहा घेऊन आत गेले तर तू पडद्यावर. तो फिकट निळा ड्रेस, एवढंसं तोंड केलेलं. मला बाई भरून आलं. इतकी वर्षं तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि वेळेला कशी उभी राहिलीस!"

केतकीकडे फिकट निळा ड्रेस नव्हता. त्या वेळी तिच्या अंगावर हळदीने पिवळा पडलेला एप्रन होता.

"तेवढं एक सांगते हं, राग मानू नकोस," मावशी जवळ सरकल्या. "निघताना 'बरं, येते मी' म्हणालीस बघ. असल्या घरी 'येते' म्हणत नाहीत, पोरी."

केतकीचं तोंड उघडलं. त्यातून काही यायच्या आतच कॉलरच्या बटणातून गोड आवाज आला, "अहो मावशी, गोंधळात निघून गेलं हो तोंडातून. माफ करा."

"असू दे, असू दे. माणूस भांबावतं." मावशींनी तिची पाठ थोपटली. "जयू काही म्हणाली नाही. पडदा बंद झाला तरी ओट्यापाशी उभी राहिली नुसती. मी हाक मारली, तर ओ नाही."

मावशी वांगी निवडायला पुढे गेल्या. केतकी भर बाजारात उभी राहिली आणि तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. यंत्राला रीत ठाऊक नव्हती, कारण ते हजारो लोकांच्या गोड निरोपांवर शिकलं होतं. पण जयश्रीला ठाऊक होती. भिंतीला टेकून पाच तास बसलेली आणि न सांगता गेलेली मुलगी जयश्रीच्या शेजारी बसली होती. 'येते' ऐकल्याबरोबर जयश्रीला कळलं असणार, की ही ती नव्हे.

फोन थरथरला. 'माफी मागायची आहे का? मसुदा तयार आहे. मी बोलू का?'

खोटं कशाला बोला, केतकीचं बोट 'हो'पर्यंत गेलं होतं. तिथे ते थांबलं. आईच्या मरणाचं सांत्वन उसनं, आणि त्याची माफीही उसनीच? तिला स्वतःची शिसारी आली. तिने कॉलरखाली बोट घालून पट्टी सोलून काढली. गळ्यावर पांढरट चौकोन राहिला. घरी आरशात तो दिसला, तेव्हा तिने मान फिरवली.

तेराव्याला गर्दी असणार म्हणून ती चौदाव्या दिवशी सकाळी गेली. गर्दी टाळली याचीही तिला लाज वाटली, पण तेवढी लाज पदरात घेऊनच तिने मिरजेची बस पकडली. पट्टी घरी होती. कंडक्टरला तिने बोटाने एक तिकीट दाखवलं आणि 'मिरज' म्हणायचं राहूनच गेलं; बस तिथेच संपत होती म्हणून निभावलं.

दुसऱ्या मजल्यावर जयश्रीच्या दाराशी ती किती वेळ उभी होती कोण जाणे. घंटी वाजवायच्या आधीच दार उघडलं. जयश्री कचऱ्याची बादली घेऊन उभी होती. ती केतकीच्या गळ्याकडे बघत राहिली.

"ये," ती म्हणाली. आवाज कोरडा होता.

स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, त्यावर पावट्याच्या शेंगा. केतकी समोर बसली. जयश्रीने तिला ताट दिलं नाही.

"तो…" केतकी म्हणाली. ती थांबली, आणि सवयीने जयश्रीच्या तोंडाकडे पाहिलं. पुढचं ती पुरं करील, म्हणून.

जयश्री शेंग सोलत होती.

"ती… भेट…" तळहात ओले झाले होते. "मी… ती… मी न… नव्हते."

एवढं बोलायला तिला बहुधा पूर्ण एक मिनिट लागलं. जयश्रीने दाणे वाटीत टाकले.

"ठाऊक आहे."

"ये… ते… म्हट…"

"हो. तेव्हाच." जयश्रीने शेंगा बाजूला सारल्या. "त्याच्या आधी नाही कळलं, हेच तर! चाळीस मिनिटं मला नाही कळलं, केतकी. मी म्हटलं, आज हिला वाचा फुटली, माझ्यासाठी फुटली. आईला सांगावंसं वाटलं मला, बघ गं, ही बोलायला लागली. आणि मग मी ते सांगितलं त्या पडद्यावरच्या तिला. तूच समजून. आईच्या शेवटच्या आठवड्यातलं. कुणाला सांगितलं नव्हतं. मावशीलासुद्धा नाही."

केतकीने मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी समजलं.

"इतकं छान ऐकून घेतलं तिने," जयश्री म्हणाली. "मी रडले तिच्यापाशी. आणि तू कुठं होतीस?"

"वज… नं. करत."

"वजनं." जयश्री हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "तू नुसती येऊन बसली असतीस तरी चाललं असतं गं. तुला कोण बोल म्हणत होतं? या घरात तुला कुणी कधी बोल म्हटलंय?"

पट्टी असती तर तिने यावर नक्कीच उत्तर दिलं असतं.

"ऐकलंस का? मी काय सांगितलं ते?"

केतकीने नकारार्थी मान हलवली.

"आहे अजून?"

केतकीने फोन काढला. संभाषण तिथेच होतं, न उघडलेलं.

"पूस."

केतकीने पुसायचं बटण दाबलं. 'हे संभाषण आपल्यासाठी मोलाचं असू शकतं. नक्की पुसायचं?' दोघींनी ते वाचलं. केतकीने 'हो' दाबलं. पडदा रिकामा झाला. जयश्रीने फोनकडे, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"प…" केतकीने श्वास घेतला. "परत… सांग. मी… मी ऐ…"

जयश्री तिच्या ओठांकडे बघत होती. शब्द तिच्या जिभेवर होता, हे केतकीला दिसत होतं. पंचवीस वर्षं तिने असे शब्द हिच्या तोंडात घातले होते. या खेपेला ती थांबून राहिली.

"…ऐकते."

"नाही," जयश्री म्हणाली. "एकदाच जमलं होतं मला ते. आता नाही जमणार. आज तरी नाही."

केतकीला वाटलं, उठावं आणि पळावं. पाय तयार होते. पण पळून जाण्यामुळेच तर एवढं सगळं झालं होतं. ती बसून राहिली. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला, ढिगातली एक शेंग घेतली आणि सोलली. दाणे ठेवायला ताट नव्हतं, तर मुठीत धरले. दुसरी घेतली. मूठ भरली, तेव्हा जयश्रीने वाटी दोघींच्या मध्ये सरकवली.

बारा वाजेपर्यंत शेंगा संपल्या. लाज गेली नव्हती. ती केतकीच्या शेजारीच मांडी घालून बसली होती आणि घरीही बरोबर येणार होती. पण तिच्यासकट इथे बसता येतं, एवढं केतकीला कळलं.

ती उठली. पदराला हात पुसले, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि जुन्या रीतीप्रमाणे, न सांगता, पायरीकडे वळली.

"तेरावा काल झाला," मागून जयश्री म्हणाली.

केतकी वळली. जयश्री दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. तेरावा झाला म्हणजे सुतक संपलं. आता या घरून जाताना माणसाने काय म्हणायचं असतं, ते दोघींनाही ठाऊक होतं.

"ये…"

शेजारच्या दारातून कुणीतरी बाई बाहेर आली, दोघींकडे बघत कुलूप लावू लागली. केतकीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. जयश्री हलली नाही. तिने शब्द पुरवला नाही, नजरही काढली नाही. शेजारीण जिना उतरून गेली, तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत पोचून थांबला, तरी ती तशीच उभी होती.

"…येते," केतकी म्हणाली. आवाज फाटका होता, खरखरीत, कितीतरी महिने न वापरलेला. त्या पडद्यावरच्या केतकीला तो शोभला नसता.

जयश्रीचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"ये," ती म्हणाली. "पण तू ये."